सांख्यिकीय अन्वेषण, शालेय : कोल्हापूर परिसर

एखाद्या निश्चित प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी विद्यार्थ्यांनी स्वतः सामग्री गोळा करणे, तिची पद्धतशीर मांडणी व विश्लेषण करणे आणि तिच्या आधारे मर्यादित पण सप्रमाण निष्कर्ष काढणे, या क्रियांच्या समुच्चयास शालेय सांख्यिकीय अन्वेषण असे म्हणतात. तयार कोष्टकातील संख्यांवरून मध्य, मध्यक व बहुलक काढणे किंवा आयतालेख काढणे हा या अन्वेषणातील केवळ एक टप्पा होय. प्रश्न कोणता, माहिती कोणाकडून घ्यावयाची, ती कशी मोजावयाची, यादीतून कोण सुटले आणि निघालेला निष्कर्ष कोठवर लागू पडतो, हे ठरविणे हे त्याचे अधिक महत्त्वाचे अंग आहे. शालेय शिक्षणात गणनक्रियेला जेवढे स्थान मिळाले, तेवढे या अंगास मिळाले नाही. या दृष्टीने कोल्हापूर परिसराचा इतिहास उद्बोधक आहे. मोजदादीतून राज्याचे धोरण बदलल्याचे आणि संपूर्ण शहराची शास्त्रीय पाहणी झाल्याचे उदाहरण या एकाच परिसरात सापडते. तरीही ही परंपरा शाळेच्या वर्गात फारशी उतरली नाही.

जुन्या गणना : मराठी मुलखात घरे व माणसे मोजण्याची पद्धत इंग्रजी अंमलापूर्वीही होती. गावातील घरे, कुटुंबे, जाती, व्यवसाय व गुरेढोरे यांच्या अशा नोंदीस ‘खानेसुमारी’ म्हणत. तिचा मुख्य हेतू महसूल व कर यांची आकारणी हा असे. मोजणारा सरकारचा आणि मोजला जाणारा रयतेतील, असे तिचे स्वरूप होते. आपल्याविषयी काय नोंदले गेले व त्यावरून काय ठरले, हे रयतेला सहसा कळत नसे.

मुंबई इलाख्यात १८७२ मध्ये आधुनिक पद्धतीची पहिली शिरगणती झाली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी संपूर्ण देशात एकाच वेळी जनगणना होऊ लागली. कोल्हापूर संस्थानाची लोकसंख्या १८७२ मध्ये सु. ८ लाख ४ हजार होती; १८८१ मध्ये ती सु. ८ लाखांवर आली. १८९१ मध्ये ती सु. ९ लाख १३ हजार झाली व १९०१ मध्ये पुन्हा किंचित घटून सु. ९ लाख १० हजार भरली. या चार संख्या शालेय अन्वेषणाच्या दृष्टीने चांगले उदाहरण ठरतात. पहिल्या व तिसऱ्या दशकांत लोकसंख्या घटली किंवा थबकली, एवढेच त्या सांगतात. असे का झाले, हे त्यांतून कळत नाही. १८७६–७८ चा दुष्काळ, १८९६ नंतरची प्लेगची साथ आणि १८९९–१९०० चा दुष्काळ यांची माहिती इतर साधनांतून मिळवून जोडल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. त्याचप्रमाणे पहिल्या गणनांत किती माणसे नोंदीतून सुटली असतील, हा प्रश्नही विचारावा लागतो. कारण गणनेची पद्धत सुधारली म्हणजे लोकसंख्या न वाढताही आकडा वाढू शकतो.

घरोघर जाऊन नोंद करण्याचे प्रगणकाचे काम पुढे मोठ्या प्रमाणावर शिक्षकांकडे आले आणि आजही ते त्यांच्याकडेच आहे. अशा रीतीने शाळा आणि गणना यांचा संबंध जुना आहे. मात्र तो शिक्षकाने बजावयाच्या सरकारी कामापुरता राहिला. शिक्षकाने दिवसभर भरलेल्या तक्त्याचा विषय दुसऱ्या दिवशी वर्गात निघत नाही.

संस्थानकाळातील मोजदाद : राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांच्याकडे २ एप्रिल १८९४ रोजी कोल्हापूर संस्थानाचा कारभार आला. त्या वेळच्या नोकरवर्गाविषयीचे आकडे इतिहासग्रंथांतून वारंवार दिले जातात. सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि सु. ५०० कारकुनांपैकी अवघे १० ब्राह्मणेतर होते. शेकडेवारीत मांडल्यास अधिकारपदांत हे प्रमाण सु. ८५ टक्के व कारकुनी जागांत ९८ टक्के होते. या समाजाचा संस्थानाच्या एकूण लोकसंख्येतील वाटा अल्प होता. ही तुलना केली म्हणजे आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो. ६० हा आकडा एकटा काही सांगत नाही. तो ७१ पैकी ६० आहे आणि त्याची तुलना लोकसंख्येतील वाट्याशी करावयाची आहे, हे ठरविल्यावरच तो पुरावा बनतो.

२६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी जाहीरनामा काढून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांसाठी राखून ठेवल्या. १९१२ पर्यंत सर्वसाधारण प्रशासनातील ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांच्या जागा ३५, म्हणजे सु. ३७ टक्के, झाल्या. धोरणापूर्वीची व धोरणानंतरची मोजणी उपलब्ध असल्यामुळे त्याचा परिणाम तपासता येतो.  प्रश्न विचारला जाणे हीच येथे पहिली व निर्णायक पायरी होती.

१९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्यात आले. सक्ती अंमलात आणावयाची म्हणजे कोणत्या गावात शाळायोग्य वयाची मुले किती व त्यांपैकी शाळेत येतात किती, हे कळणे आवश्यक होते. उपलब्ध नोंदींनुसार १९१७–१८ मध्ये या योजनेखाली २७ शाळा व १,२९६ विद्यार्थी होते. १९२१–२२ पर्यंत शाळा ४२० आणि विद्यार्थी २२,००७ झाले. या आकड्यांवर विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे विश्लेषण असे : पहिल्या वर्षी दर शाळेमागे सरासरी ४८ विद्यार्थी होते आणि चार वर्षांनंतर सु. ५२. म्हणजे विद्यार्थिसंख्या सतरापट झाली, तरी दर शाळेचा सरासरी पट जवळजवळ तेवढाच राहिला. वाढ जुन्या शाळांत गर्दी होऊन झालेली नसून नव्या गावांत शाळा पोहोचल्यामुळे झालेली असावी, असे अनुमान यावरून करता येते. मात्र त्याबरोबरच काही शंकाही उपस्थित कराव्या लागतात. सरासरी ५२ असली, तरी एखाद्या शाळेत १५ व दुसऱ्या शाळेत १२० मुले असू शकतात. शिवाय पटावरील नाव आणि वर्गातील हजेरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. हंगामात शेतावर जाणारे मूल पटावर असते. पण वर्गात नसते.

कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी : महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीच्या सामाजिक-आर्थिक पाहण्यांचा आरंभ खेड्यांच्या अभ्यासाने झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळील एका खेड्याचा जमीन व श्रम या दृष्टीने अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. १९२१ मध्ये दुसऱ्या खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली ही परंपरा पद्धतशीरपणे वाढविली. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी (१९४०) आणि पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी ही तिची प्रमुख फळे होत.

याच संस्थेने कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी हाती घेतली. नी. वि. सोवनी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या पाहणीचे तीन खंड १९४८ ते १९५२ या काळात प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडात लोकसंख्या व जननक्षमता, दुसऱ्यात उद्योग, व्यापार व कामगार आणि तिसऱ्यात कौटुंबिक राहणी व सामाजिक जीवन हे विषय आले आहेत. मध्यम आकाराच्या एखाद्या शहराकडे इतक्या अंगांनी पाहणारे अभ्यास त्या काळी भारतात थोडेच होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यामुळे संस्थानी राजधानीचे जिल्ह्याच्या ठिकाणात रूपांतर होण्याच्या वेळचे शहर या खंडांत नोंदले गेले आहे.

या पाहणीपासून शालेय अन्वेषणास मिळणारा महत्त्वाचा धडा व्याख्येचा आहे. ‘कुटुंब’ म्हणजे एका छपराखाली राहणारे, की एका चुलीवर जेवणारे? ‘कामगार’ म्हणजे पगार घेणारा, की वडिलांच्या दुकानात बिनपगारी राबणारा मुलगाही? याची उत्तरे आधी ठरली नाहीत, तर दोन प्रगणक एकाच गल्लीत जाऊन वेगवेगळे आकडे आणतात. ‘शहर’ या शब्दाबाबतही हेच आहे. कोल्हापूर शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये ५४,३७३ होती आणि २०११ मध्ये ती ५,४९,२३६ होती. शतकात ती दसपट झाली असे म्हणण्यापूर्वी दोन्ही वेळी शहराची हद्द कोणती होती, हे पाहणे आवश्यक ठरते. कोल्हापूर नगरपालिका १८५४ मध्ये स्थापन झाली, १९७२ मध्ये तिची महानगरपालिका झाली आणि हद्दवाढीचा प्रश्न पुढे दीर्घकाळ वादाचा राहिला. हद्दीलगतच्या गावांत राहून रोज शहरात कामाला येणारा मनुष्य शहराच्या लोकसंख्येत धरावा की नाही, या प्रश्नाचा निर्णय मोजणीतून होत नाही, तो मोजणीपूर्वी घ्यावा लागतो.

सांख्यिकीची भारतीय परंपरा : नमुना पाहणीच्या शास्त्रात भारताचे कार्य जगन्मान्य आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि त्यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. त्यांचा जन्मदिवस २९ जून हा २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांनी वि. गो. पानसे यांच्यासमवेत पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी यादृच्छिक पीककापणी प्रयोगांची पद्धत रुजविली. त्यापूर्वी पिकाचा अंदाज मुख्यत्वे नजरेने, आणेवारीच्या रूपाने, बांधला जाई. शेतसाऱ्याची सूट त्यावर अवलंबून असल्यामुळे अंदाज कमी सांगण्याकडे शेतकऱ्याचा व जास्त सांगण्याकडे सरकारचा कल असणे स्वाभाविक होते. कोणता तुकडा कापावयाचा हे कोणाच्याही इच्छेवर न सोडता यदृच्छेवर सोपविल्याने हा कल टाळता येतो. यादृच्छिक निवडीचे हे तत्त्व शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला या उदाहरणावरून जितके लवकर समजते, तितके फाशांच्या उदाहरणावरून क्वचितच समजते.

सैद्धांतिक सांख्यिकीत कोल्हापूरचे नाव वसंत शंकर हुजूरबाजार (१९१९–९१) यांच्यामुळे झाले. कोल्हापूर येथे जन्मलेल्या हुजूरबाजार यांनी केंब्रिज येथे हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे ते संस्थापक-प्रमुख होते (१९५३–७६). १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देण्यात आला.

शिक्षणाच्या प्रश्नांना संख्यात्मक पुराव्याची जोड देणाऱ्यांत जयंत पांडुरंग नाईक (१९०७–८१) यांचे स्थान मोठे आहे. आजरे तालुक्यातील बहिरेवाडी हे त्यांचे जन्मगाव. गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. पुढे ते कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव झाले. पटसंख्या, गळती व खर्च यांचे आकडे मांडल्याशिवाय शैक्षणिक धोरणाची चर्चा करू नये, ही त्यांच्या लेखनाची शिस्त होती. मौनी विद्यापीठाचा समावेश १९५६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण उच्चशिक्षणाच्या केंद्रीय योजनेत होता. भोवतालच्या खेड्यांचा अभ्यास हा शिक्षणाचा भाग असावा, ही या योजनेमागील कल्पना शालेय अन्वेषणाशी जवळचे नाते सांगणारी आहे.

शालेय अभ्यासक्रमातील स्थान : महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाची स्थापना १९६६ मध्ये आणि बालभारती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना १९६७ मध्ये झाली. नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये घेण्यात आली. सांख्यिकीस शालेय गणितात स्थान मिळाले, ते मुख्यत्वे वारंवारता सारणी, आलेख आणि केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे या रूपात. बालभारतीच्या २०१७ मधील नववीच्या पुस्तकात प्राथमिक व दुय्यम सामग्री यांतील भेद सांगितला आहे. २०१८ मधील दहावीच्या पुस्तकात वर्गीकृत सामग्रीचा मध्य, मध्यक व बहुलक, तसेच आयतालेख, वारंवारता बहुभुज व वृत्तालेख यांचा समावेश आहे. संभाव्यतेचे स्वतंत्र प्रकरण त्याच पुस्तकात आहे.

विषयांची ही यादी समाधानकारक दिसते. उणीव आहे ती क्रमाची. उदाहरणात सामग्री तयार दिलेली असते, वर्गांतरे ठरलेली असतात आणि उत्तर एकच असते. ही सामग्री कोणी, कोठे व कशासाठी गोळा केली, हा प्रश्न निघत नाही. परीक्षेत गुण मिळतात ते सूत्राच्या अचूक वापराला. ठरावीक वेळेच्या लेखी परीक्षेत अन्वेषण तपासता येत नाही आणि जे तपासले जात नाही ते शिकविलेही जात नाही, असा हा पेच आहे. मोठे वर्ग, अभ्यासक्रम पुरा करण्याची निकड आणि गणिताच्या शिक्षकाला स्वतः पाहणी करण्याचे प्रशिक्षण न मिळणे, ही त्याची आणखी कारणे होत. परिणामी आठवडी बाजारात भाव पडताळून घेणारा विद्यार्थी वर्गात मात्र ‘समजा ५० विद्यार्थ्यांचे गुण’ याच सामग्रीवर सांख्यिकी शिकतो.

इतर देशांतील प्रयत्न : हा पेच केवळ भारतीय नाही. इंग्लंडमध्ये सांख्यिकीच्या शालेय शिक्षणाविषयीचा शाळा परिषदेचा प्रकल्प १९७५ मध्ये शेफील्ड येथे सुरू झाला आणि याच शहरात १९८२ मध्ये सांख्यिकी-अध्यापनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकन गणिती जॉन ट्यूकी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सूत्रांपूर्वी सामग्रीकडे डोळे उघडे ठेवून पाहण्यावर भर दिला. त्याचा शालेय शिक्षणावरही प्रभाव पडला. न्यूझीलंडमधील वाइल्ड व फान्कूख यांनी १९९९ मध्ये सांख्यिकीय विचारप्रक्रियेचे विवेचन केले. समस्या, योजना, सामग्री, विश्लेषण व निष्कर्ष या पाच टप्प्यांचे चक्र त्यातून सर्वत्र परिचित झाले. एका चक्राच्या निष्कर्षातून नवी समस्या निघते, म्हणून त्यास चक्र म्हणावयाचे. न्यूझीलंडच्या २००७ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात गणिताच्या विषयाचे नावच ‘गणित व सांख्यिकी’ असे करण्यात आले. अमेरिकेतही त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक अहवालात, सांख्यिकीचा गाभा सूत्रे नसून विचरण, म्हणजे निरीक्षणांत आढळणारा वेगवेगळेपणा हा आहे, असे प्रतिपादन केले गेले. ब्रिटनमध्ये २००० मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांची गणना करण्याचा उपक्रम सुरू झाला व तो अनेक देशांत पसरला.

अन्वेषणाची पद्धती : कोल्हापूर जिल्हा विचरण समजावून देण्यास अत्यंत सोयीचा आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस शिरोळ तालुक्यात तो सु. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. या दोन ठिकाणांची सरासरी काढली, तर निघणारा आकडा दोहोंपैकी कोणत्याही गावाच्या अनुभवाशी जुळत नाही. तरीही शिरोळला पूर येतो. कारण पश्चिमेकडील पाणी नद्यांवाटे तेथे पोहोचते. सरासरी कोठे उपयोगी पडते व कोठे दिशाभूल करते, हे यावरून स्पष्ट होते.

पाच टप्प्यांचे स्वरूप पंचगंगेच्या पुराच्या उदाहरणाने पाहता येईल. कोल्हापूरजवळील राजाराम बंधाऱ्यावर नदीच्या पातळीची नोंद फूट व इंचांत घेतली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५, २०१९ व २०२१ मध्ये शहर व परिसरास मोठ्या पुरांचा तडाखा बसला.

(१) समस्या : ‘आमच्या भागात पूर किती येतो?’ हा प्रश्न सैल आहे. ‘२०१९ व २०२१ च्या पुरांत आमच्या गल्लीतील घरांत पाणी किती उंचीपर्यंत आले आणि दोन वर्षांत फरक किती?’ हा प्रश्न मोजता येण्याजोगा आहे. सैल प्रश्नाचे घट्ट प्रश्नात रूपांतर करण्यास अनेकदा एक पूर्ण तासिका लागते. ती वाया गेली असे समजू नये.

(२) योजना : गल्लीतील सर्व घरे घ्यावयाची की काही? काही घ्यावयाची असल्यास ती कशी निवडावयाची? सोयीची किंवा ओळखीची घरे निवडल्यास रस्त्याकडील उंचावरची घरेच नमुन्यात येण्याचा धोका असतो. घरांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या टाकणे हा सोपा यादृच्छिक मार्ग आहे. उंची कोठून मोजावयाची, उंबऱ्यापासून की रस्त्यापासून, हेही आधीच ठरवून लिहून ठेवावे लागते. दोन-तीन घरांवर आधी चाचणी घेतल्यास प्रश्नांतील संदिग्धता लक्षात येते.

(३) सामग्री : भिंतीवरील ओल अथवा गाळाची खूण आणि घरातील वडीलधाऱ्यांची आठवण ही दोन वेगळ्या प्रतीची साधने होत, त्यांची नोंद वेगळ्या रकान्यांत करावी. एकच खूण दोन गटांनी स्वतंत्रपणे मोजल्यास मोजमापातील त्रुटी किती आहे, याचा अंदाज येतो. ‘माहीत नाही’ हेही उत्तर म्हणून नोंदवावे. रकाना रिकामा ठेवू नये किंवा अंदाजाने भरू नये.

(४) विश्लेषण : प्रथम सर्व निरीक्षणे एका रेषेवर बिंदूंनी मांडावी. एखादे घर सखल जागी असल्यास त्याचा बिंदू दूर पडलेला दिसतो. असे एकच निरीक्षण मध्य बरेच सरकविते. मध्यकावर मात्र त्याचा परिणाम फारसा होत नाही. मध्य व मध्यक यांतील निवड या ठिकाणी पाठांतराचा विषय राहत नाही. दूरचा बिंदू ही चूक आहे की वस्तुस्थिती, हे त्या घरी पुन्हा जाऊनच ठरवावे लागते.

(५) निष्कर्ष : ‘आमच्या गल्लीत असे आढळले’ एवढेच म्हणता येते, ‘कोल्हापुरात असे आहे’ असे म्हणता येत नाही. निष्कर्षाची मर्यादा लेखी नमूद करणे हा अन्वेषणाचा अविभाज्य भाग होय. घरातले पाणी आणि बंधाऱ्यावरील पातळी यांचा संबंध काय, हा नवा प्रश्न येथून निघतो व पुढील चक्र सुरू होते.

अशा कामास महागडी साधने लागत नाहीत. मोजपट्टी, चौकटीची वही, चिठ्ठ्या व आलेखाचा कागद पुरेसे होतात. संगणक व भ्रमणध्वनी यांमुळे कोष्टके व आलेख झटपट तयार होऊ लागले आहेत. त्यामुळे हाताने आकडेमोड करण्याचे महत्त्व घटले आणि प्रश्न, नमुना व मर्यादा यांचा विचार करण्याचे महत्त्व वाढले. यंत्र चुकीच्या सामग्रीचाही सुबक आलेख काढून देते.

शिक्षकाची भूमिका व पथ्ये : अन्वेषणात शिक्षकालाही उत्तर आधी ठाऊक नसते, ही त्यातील अडचण आणि तेच त्याचे शैक्षणिक मूल्य होय. अपेक्षेप्रमाणे निष्कर्ष निघाला नाही म्हणून आकडे ‘दुरुस्त’ करण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. प्रकल्पवही नीटनेटकी दिसावी या आग्रहामुळे तो बळावतो. खाडाखोड असलेली मूळ नोंदवही जपून ठेवण्याची आणि तिलाही गुण देण्याची पद्धत यावर उपयुक्त ठरते.

दुसरे पथ्य माहिती देणाऱ्याच्या सन्मानाचे आहे. शेजाऱ्याचे उत्पन्न, कर्ज, आजार किंवा जात विचारणारा विद्यार्थी त्याच गल्लीत राहत असतो. जनगणना अधिनियम, १९४८ नुसार जनगणनेत व्यक्तीने दिलेली माहिती गोपनीय ठेवली जाते. हीच शिस्त शालेय पाहणीतही पाळणे आवश्यक आहे. नावाऐवजी क्रमांक वापरणे, उत्तर न देण्याचा अधिकार आरंभीच सांगणे आणि पाहणीचा निष्कर्ष माहिती देणाऱ्यांना परत जाऊन कळविणे, ही तिची तीन अंगे होत. जुन्या खानेसुमारीत शेवटची गोष्ट सहसा होत नसे.

यादीबाहेरील मुले : शालेय पाहणीत सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे हजेरीपट हीच संपूर्ण समष्टी मानणे. ‘आमच्या गावातील मुले रोज किती अंतर चालून शाळेत येतात?’ या प्रश्नाचे उत्तर वर्गात हात वर करावयास लावून मिळविले, तर जे मूल शाळेतच नाही, ते मोजणीतून आपोआप गळते. कदाचित अंतर जास्त असल्यामुळेच ते शाळेत आलेले नसते. त्यामुळे निघालेली सरासरी प्रत्यक्षाहून कमी असण्याचा संभव असतो. जी माणसे मोजावयाची त्यांचीच उणीव नमुन्यात राहते, अशी ही त्रुटी आहे. नमुना कितीही मोठा घेतला तरी ती जात नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुलाबाळांसह येतात आणि फडाजवळ खोपी घालून राहतात. त्यांच्या मुलांचे नाव मूळ गावच्या पटावर असते, ती मुले प्रत्यक्षात येथे असतात आणि येथील पटावर त्यांचे नाव बहुधा नसते. एका गावाच्या नोंदीत ती गैरहजर ठरतात, तर दुसऱ्या गावाच्या नोंदीत ती नसतातच. या मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग झाले. शाळाबाह्य मुलांचा शोध घेण्यासाठी राज्यात ४ जुलै २०१५ रोजी एकदिवसीय सर्वेक्षणही करण्यात आले. मात्र जुलै हा गळीत हंगामाचा महिना नव्हे. मोजणी कोणत्या दिवशी होते यावर कोण मोजला जातो हे अवलंबून असते. सांख्यिकीतील ही मूलभूत बाब उसाच्या गावातील आठवी-नववीचा विद्यार्थी स्वतःच्या निरीक्षणावरून सांगू शकतो. त्यास तसा प्रश्न मात्र विचारला गेला पाहिजे.

१९०२ च्या जाहीरनाम्यापूर्वीची मोजणी नोकरीत कोण नाही हे दाखविणारी होती. १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाने शाळेत कोण नाही हे पाहणे भाग पाडले. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने हीच जबाबदारी देशभरच्या शासनयंत्रणेवर टाकली. या सर्व मोजण्या प्रौढांनी व अधिकाऱ्यांनी केल्या. ज्यांची मोजणी होते त्यांनाच मोजण्याची, व मोजणीला प्रश्न विचारण्याची, रीत अवगत करून देणे हे शालेय सांख्यिकीय अन्वेषणाचे प्रयोजन होय. २०२१ ची जनगणना महासाथीमुळे लांबणीवर पडल्याने २०११ चे आकडे दीर्घकाळ वापरावे लागले. अशा स्थितीत आपल्या गल्लीची, गावाची व शाळेची विश्वासार्ह मोजदाद करू शकणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्थानिक उपयोगही कमी नाही.